खुराड्यातली कोंबडी की सापळ्यातला डास?

रानवाट:
डासांमार्फत पसरणारा, पक्ष्यांना आणि माणसांना होणारा वेस्ट नाईल विषाणू कुठवर पोचलाय हे कळावं म्हणून अमेरिकेत डास-नियंत्रणवाले ठिकठिकाणी कोंबड्या पाळतात. डासांच्या हंगामात ठरावीक दिवसांनी त्यांचं थोडं रक्त तपासायचं. विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी (शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं) दिसल्या की त्या जागी विषाणू आला. फ्लोरिडात अशा कोंबड्या १९७८ पासून आहेत, आधी डासांमुळेच होणाऱ्या सेंट लुईस मेंदूज्वरासाठी. कॅलिफोर्नियातल्या काही विभागांनी मात्र कोंबड्या बंद करून नुसत्या डासांच्या तपासणीवर भिस्त ठेवली. मला हे साफ चुकीचं वाटतं. आजारी माणसांवरून जागा कळत नाही: माणूस आजारी पडतो घरी, डास चावलेला असतो भलतीकडेच. १९९९ मध्ये न्यूयॉर्कला या विषाणूने कावळे पटापट मरू लागले, पण मेलेला कावळा दिसायला आणि कळवायला माणूस लागतो. मग नकाशावर शहरं भरून जातात, शेतशिवार कोरं राहतं आणि तिथे विषाणू नाहीच असं लोक धरून चालतात. कोंबडी जिथे ठेवली तिथेच असते. तिच्या रक्तात जे सापडतं ते त्याच जागेचं.

सूक्ष्मदर्शी:
नकाशा हवा कशाला? फवारणी वेळेत व्हावी म्हणूनच ना? डास चावल्यापासून अँटीबॉडी दिसेपर्यंत आठवडा तरी जातो, मग पुढच्या नमुन्याची वाट, मग प्रयोगशाळा. सापळ्यातल्या क्युलेक्स डासांची (हेच हा विषाणू पसरवतात) पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी चाचणी, एक-दोन दिवसांत हातात येते. कोंबड्यांच्या दाणापाण्यावर जाणारा पैसा सापळ्यांना द्या.

रानवाट:
सापळा आठवड्यातून एखादी रात्र लागतो, कोंबडीला रोज रात्री डास चावतात. विषाणू विरळ असताना सापळ्यातून सहज निसटतो. आणि नव्या भागात तो विरळच असतो! उशीर होतो हे मान्य, पण चुकलेला तालुका उशिरापेक्षा वाईट.

भातखाचर:
हीच युक्ती जपानी मेंदूज्वरासाठी (हाही डासांमुळेच होतो) डुकरांवर वापरायची तर जपून. कोंबडीच्या रक्तात वेस्ट नाईल इतका वाढत नाही की तिच्याकडून डासाला लागावा. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात भरपूर वाढतो. भातशेतीजवळच्या वस्तीत मुद्दाम डुकरं आणून बांधणं म्हणजे आगीजवळ सरपण रचणं. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून कत्तलखान्यात आलेल्या साधारण सहा महिन्यांच्या डुकरांचं रक्त तपासतात. आईकडून आलेल्या अँटीबॉडी तोवर ओसरलेल्या असतात, म्हणून सापडल्या तर त्या याच हंगामातल्या.

सूक्ष्मदर्शी:
तिथे डुक्कर कुठल्या भागातून आलं याची नोंद असते. पूर्व उत्तर प्रदेशात मोकाट फिरणाऱ्या डुकरांवरून नकाशा कसा काढणार?

भातखाचर:
पाळणाऱ्यांच्या वस्तीत जाऊन, पावसाळा लागताच. २००५ मध्ये तिथल्या गोरखपूर भागात मेंदूज्वराने हजाराहून जास्त बळी गेले, बहुतेक लहान मुलं. तिथे मूल तापाने फणफणल्यावर विषाणू आल्याचं कळावं, हे मला सहनच होत नाही. फक्त डुकरं पाळणाऱ्यांना आधी विश्वासात घ्या. नमुना पॉझिटिव्ह आला म्हणून त्यांची जनावरं मारली, तर पुढच्या वर्षी कोणी सुई लावू देणार नाही.