गिलोच्या रबरवाल्या विमानाचं दुप्पट मापाचं आरसी (रिमोटवालं): वजन कसं आवरू?

वारेवाला: गिलोचं 'स्काय स्ट्रीक' कुणी उडवलंय का? चपट्या पिशवीतलं बाल्साचं (हलक्या लाकडाचं) विमान, काडीखाली रबर, पीळ द्यायचा आणि सोडायचं. पॉल गिलोने १९२६ साली वेकफिल्डला (मॅसॅच्युसेट्स) कंपनी काढली. मी तिथून जवळच राहतो. मला त्याचं ६० सेंमी पंखाचं आरसी करायचंय, दोन चॅनेलचं (रिमोटवरून दोनच गोष्टी चालवायच्या), ५० ग्रॅमच्या आत. पण पंखाची रुंदी १० सेंमी धरून ३ मिमी बाल्सा घेतला, तर नुसता पंखच २७ ग्रॅम भरतोय. शिवाय धड म्हणजे एक काडी, बॅटरी दडवू कुठे?

जुना_बाल्सा: माप दुप्पट केलं की क्षेत्रफळ चौपट आणि जाडीही वाढवलीत तर वजन आठपट. तिथेच गाडी अडते. पंखाला ३ मिमी डेप्रॉन (हलका फोम) घ्या, सातेक ग्रॅममध्ये काम होईल. पुढच्या कडेला १ मिमीचा कार्बन रॉड. साधं सुपरग्लू डेप्रॉन खातं, फोमसाठीचंच आणा. काडी मात्र बाल्साचीच ठेवा, नाहीतर स्काय स्ट्रीक कशाला म्हणायचं!

मोटर गिअरवाली घ्या. थेट मोटरवर इवलासा पंखा भिरभिरतो, तो ड्रोनचा वाटतो. गिअर लावला की मोठा पंखा संथ फिरतो, थेट रबरवाल्यासारखा.

बॅटरी दडवायच्या भानगडीत पडू नका. एका सेलची १५० एमएएचची लायपो चार-पाच ग्रॅमची असते; पंखाच्या क्लिपखाली वेल्क्रोने लावा. पंख आधी रबरबँडनेच बांधा आणि मूळ खेळण्यात सरकवतो तसा मागेपुढे करून तोल साधा. पुढच्या कडेपासून साधारण एक-तृतीयांश रुंदीवर तोल आला की मगच चिकटवा.

निमा_पुणे: एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नाहीत ना? मग पंखांची टोकं दोन्हीकडे ४-४ सेंमी उचला. सपाट पंखावर नुसतं रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) फिरवून विमान नाक वळवतं, कलत नाही.

वारेवाला: टोकं उचलतो. दिसायला खोटं रबर लावलं तर चालेल का?

जुना_बाल्सा: चालेल की, पण ढिलं. ताणून बांधलंत तर काडी वाकते आणि लावलेला ट्रिम (सरळ उडावं म्हणून केलेली जुळवणी) बोंबलतो. शिवणाचं बारीक काळं इलॅस्टिक मिळतं, ते बघा.

निमा_पुणे: आणि पहिल्यांदा बंदिस्त हॉलमध्ये उडवा. एवढ्या हलक्या विमानाला झुळूकही पुरते.