शून्य डॉलर प्रीमियमवाला मेडिकेअर प्लॅन, मग कंपनीला पैसे देतं कोण?

जर्सीकर:
येत्या मार्चमध्ये मला ६५ पूर्ण होतायत आणि पोस्टाची पेटी उघडली की रोज तीन-चार पत्रं मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजचीच, म्हणजे ६५ वरच्यांचा सरकारी आरोग्यविमा (मेडिकेअर) खासगी कंपनीमार्फत देणाऱ्या प्लॅनची. महिन्याला ० डॉलर, वर दात, चष्मा, जिमपण फुकट. इतकी वर्षं अमेरिकेत काढली, फुकट काही मिळाल्याचं आठवत नाही बुवा. गोम काय आहे?

आळशी_अकाउंटंट:
गोम अशी की पैसे सरकार देतं. तुम्ही प्लॅन घेतलात की तुमच्या नावाने दर महिन्याला ठरलेली रक्कम कंपनीला जाते, तुम्ही डॉक्टरकडे जा नाहीतर जाऊ नका. प्रत्येक काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, एक बेंचमार्क असतो, तिथल्या साध्या (थेट सरकारी) मेडिकेअरचा माणशी खर्च बघून काढलेला, कुठे त्याच्या ९५ टक्के तर कुठे ११५. कंपनी बोली लावते की आम्ही एवढ्यात भागवू, आणि बोली बेंचमार्कच्या खाली आली की फरकातले ५० ते ७० टक्के (प्लॅनच्या दर्जाचं सरकारी स्टार रेटिंग बघून) तिला मिळतात पण ते मेंबरांच्या सवलतींत दाखवावे लागतात, तुमचा चष्मा नि जिम त्यातनंच येतं. हा पैसा म्हणजे शेवटी तुमच्याच पगारातनं कापलेला १.४५ टक्के मेडिकेअर टॅक्स, तेवढाच मालकाचा, शिवाय सरकारी तिजोरी आणि पार्ट बीचे (मेडिकेअरचा डॉक्टर-तपासण्यांचा भाग) हप्ते. आणि हो, पार्ट बीचा हप्ता तुम्हाला चुकत नाही, २०२५ मध्ये महिना १८५ डॉलर होता. शून्य आहे ते त्याच्या वरचं.

सुमाकाकू:
एक राहिलं. पेशंट कागदावर जितका आजारी तितकी ती रक्कम वाढते. माझ्या सासूबाईंकडे प्लॅनवाल्यांनी नर्स पाठवलेली, तासभर बसली, चहा घेतला, पायाच्या बोटाला क्लिप लावून रक्तप्रवाह बघितला, औषध काही दिलं नाही. नंतर कागद आला त्यात दोन आजार असे की आमच्या डॉक्टरने कधी नावही काढलं नव्हतं! मेडपॅक म्हणून संसदेची सल्लागार समिती आहे, तिचा २०२५चा अंदाज असा की हीच माणसं साध्या मेडिकेअरमध्ये असती तर जेवढा खर्च आला असता त्यापेक्षा २० टक्के जास्त, म्हणजे ८४ अब्ज डॉलर, सरकार या प्लॅनना देत होतं.

जर्सीकर:
बाप रे. म्हणजे घेऊच नको का? आम्ही हिवाळा पुण्यात काढतो.

आळशी_अकाउंटंट:
तसं नाही, आईचा आहे, बरा चाललाय. पण डॉक्टर नेटवर्कातलाच लागतो आणि मोठ्या टेस्टला आधी परवानगी, तिच्या एमआरआयला आम्ही फोनवर दोन दुपारी घालवल्या. पुण्यातला खर्च साधं मेडिकेअर देत नाही, काही प्लॅन इमर्जन्सीपुरतं देतात, ते बघून घ्या. एरियाबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर बरेच प्लॅन नावच काढतात. मुख्य म्हणजे मेडिगॅप, साध्या मेडिकेअरमध्ये तुमच्या खिशातनं जाणारा खर्च उचलणारा वेगळा खासगी विमा. पार्ट बी सुरू झाल्यावर पहिले सहा महिने तब्येत न विचारता मिळतो, आणि ६५ला अ‍ॅडव्हांटेज घेतलात तर वर्षाच्या आत साध्या मेडिकेअरला परत फिरून तो तसाच घेता येतो. नंतर न्यू जर्सीत कंपनी शुगर-बीपी बघून सरळ नाही म्हणू शकते.

जर्सीकर:
बायकोला हे वाचून दाखवलं. ती त्या पत्रांच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी करते, म्हणाली मार्चपर्यंत येऊ देत.