मुंबईच्या जुन्या वस्त्या पाहून पोशाख बेतायचे आहेत : काय पाहावे, कसे पाहावे?

सुईदोरा (रत्नागिरी)

नमस्कार. मी रत्नागिरीला राहते आणि फॅशन डिझाइनच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षी प्रत्येकाला एकाच विषयातून उगवलेले सहा पोशाख स्वतः बेतून, शिवून सादर करायचे आहेत आणि मी मुंबईच्या जुन्या वस्त्या हा विषय घेतला आहे. आमच्या घरात निम्मी माणसे मुंबईला आणि निम्मी गावाला, असे तीन पिढ्या चालत आले आहे. तरीही मी सुट्टीत पाहिलेली मुंबई नातेवाइकांची खोली, राणीची बाग आणि चौपाटी यांच्या पलीकडे कधी गेली नाही. दिवाळीनंतर चार दिवस मोकळे आहेत, तेव्हा कोकणकन्या एक्स्प्रेसने जाऊन हे सगळे नीट पाहून यावे, असे ठरवले आहे.

अडचण अशी आहे. मागच्या सत्रात मी गिरगावातल्या एका जुन्या घराचे छायाचित्र कापडावर छापून घेतले आणि त्याचा कुर्ता शिवला. कापड टेबलावर पसरलेले असताना सुंदर दिसत होते, पण अंगावर चढवल्यावर छातीच्या टक्समध्ये (आकारासाठी शिवलेल्या चिमटीत) एक खिडकी अर्धी दुमडली गेली, जिना काखेत गेला आणि बाजूच्या शिवणीवर घराचे छप्पर दोन बोटे वरखाली झाले. शिक्षकांनी कुर्ता हातात घेतला आणि यात घर दिसते, पण कपडा कुठे आहे, एवढेच विचारले. तो प्रश्न अजून मनातून जात नाही.

म्हणून विचारते. वस्ती पाहताना नेमके काय टिपावे, की ज्यातून बेत, घोळ, चुण्या, रंगांचे प्रमाण अशा कपड्याच्याच गोष्टी हाती लागतील? चार दिवस कोणत्या वस्त्यांना द्यावेत? ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांचे आयुष्य या वस्त्यांत गेले आहे, अशांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कात्री (अलिबाग)

ताई, मी गिरगावात अनेक वर्षे कटिंग मास्टर म्हणून काम केले आणि आता अलिबागला परत आलो आहे. तुमच्या शिक्षकांनी विचारलेला प्रश्न योग्य आहे, पण त्याने खचून जाऊ नका. ती चूक जवळजवळ प्रत्येकाच्या हातून एकदा होते. घर सपाट भिंतीवर उभे असते आणि कपडा गोल अंगावर बसतो, त्यामुळे घराचे चित्र उचलले, की ते शिवणीवर मोडणारच. उचलायची ती घराची रीत.

तुम्ही गिरगावातल्या खोताच्या वाडीत जा आणि तिला पूर्ण एक दिवस द्या. ज्यांच्या नावावरून वाडीला नाव मिळाले, ते दादोबा वामन खोत पाठारे प्रभू होते. एकेकाळी तिथे साठाहून अधिक जुनी घरे होती, आता निम्मीही उरलेली नाहीत. फॅशन डिझायनर जेम्स फरेरा याच वाडीतले, त्यामुळे कपड्याच्या दृष्टीने या गल्ल्या पाहणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, हे ध्यानात असू द्या. घरांची पोर्तुगीज धाटणी, लाकडी कठडे आणि बाहेरून चढणारे जिने सगळेच पाहतात. तुम्ही मात्र पहिला तासभर फोन पिशवीतून काढू नका. हातात टेप घ्या आणि मापे लिहा.

मापे म्हणजे काय, ते एका कठड्यावरून सांगतो. कठड्याची एक उभी पट्टी किती बोटे रुंद आहे, दोन पट्ट्यांमध्ये किती फट सोडली आहे आणि खालच्या आडव्या लाकडापासून वरच्या हातटेकणीपर्यंत किती उंची आहे, हे मोजा. लाकूड आणि पोकळी यांचे हे जे प्रमाण सुताराने धरलेले असते, त्यातूनच वारा आत येतो आणि आतले माणूस मात्र रस्त्यावरून पूर्ण दिसत नाही. हेच प्रमाण तुम्ही सुती कापडावर चुण्यांना दिले, चुणीची घडी आणि मधली मोकळी जागा त्याच हिशेबाने ठेवली, तर चालताना कपडा उघडेल आणि उभे राहिल्यावर मिटेल. बघणाऱ्याला कठडा दिसणारही नाही, पण कपड्याला कठड्याचा गुण येईल. झडपांच्या खिडक्यांचे तसेच. ओटीवरून आतल्या खोलीकडे जाताना उजेड कसा पायरीपायरीने कमी होत जातो, ते पाहून बाहेर विरळ, आत दाट असे दोन थर बेतता येतील.

कोणाच्याही ओटीवर पाय ठेवण्याआधी विचारा. ती माणसांची राहती घरे आहेत, आणि रोज कोणीतरी दारात छायाचित्रे काढत उभे राहते, याचा तिथल्या लोकांना खरोखर त्रास होतो.

पोर्तुगीजांच्या वेळचे ख्रिस्ती लोक तिथे राहतात, त्यांचे नऊवारीसारखे लुगडेही पाहून घ्या.

वसईकरीण

वरचे लेखन मनापासून आवडले, पण शेवटच्या वाक्यात भर घातल्याशिवाय राहवत नाही, कारण तो आमच्या घरचा विषय आहे. खोताच्या वाडीतल्या आमच्या समाजाला ईस्ट इंडियन म्हणतात. आम्ही उत्तर कोकणातलेच, मराठी बोलणारे ख्रिस्ती. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली, त्या सुमारास आमच्या लोकांनी हे नाव घेतले, ते बाहेरून मुंबईत आलेल्या इतर ख्रिस्ती समाजांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून. तुमच्या प्रदर्शनाच्या टिपणात 'पोर्तुगीज पेहराव' असे लिहिले गेले, तर आमच्या आजीच्या लुगड्यावर दुसऱ्याचे नाव लागेल. म्हणून एवढे आवर्जून लिहिले.

आता लुगड्याविषयी. ते हातमागावरचे, जाड सुती, चौकड्यांचे, बहुतेक लाल रंगाच्या छटांमधले. माझी आजी भातलावणीला जाताना तेच लुगडे वर खोचून गुडघ्यापर्यंत आणायची आणि रविवारी चर्चला जाताना सोडून घोट्यापर्यंत नेसायची. एकच वस्त्र, दोन कामे, दोन लांब्या, आणि त्यासाठी एकही टाका नाही. तुम्हाला जर वस्तीतून काही घ्यायचे असेल, तर चौकडीच्या आधी हे खोचणे घ्या. कोळणींच्या लुगड्यातही पाण्यात आणि टोपलीच्या ओझ्याखाली पाय मोकळे राहावेत, ही गरज आधी आहे आणि देखणेपण तिच्यामागून आले आहे. कुलाब्याचा मासळीचा धक्का, ससून डॉक, १८७५ सालापासून चालू आहे. पहाटे तिथे गेलात, तर नेसलेले लुगडे काम करताना कसे वागते, ते दिसेल. फक्त तिथल्या बायकांचा तो धंद्याचा वेळ असतो. वाटेत उभे राहू नये, आणि आधी मासळी विकत घेऊन मग बोलायला जावे.

गिरणीवाल्याची लेक (संगमेश्वर)

माझे वडील परळच्या गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि आम्ही गावाला. आतापर्यंत इथे सुचवलेल्या जागांत गिरणगाव, म्हणजे कापडगिरण्यांची वस्ती, नाही, याचे वाईट वाटले. रत्नागिरीहून मुंबईच्या वस्त्यांवर काम करायला निघालेल्या मुलीने लालबाग-परळ सोडून कसे चालेल? १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे या शहराला कापडानेच पोसले आणि ते कापड विणायला आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची घरेच्या घरे रिकामी झाली. एकेका गावाची मुंबईत गावकीची खोली असायची. तीन पाळ्यांतले लोक त्याच जागेत आळीपाळीने झोपायचे आणि जेवायला खानावळीत जायचे. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. माझे वडीलही गेले नाहीत.

आता तिथे गेलात, तर बऱ्याच जागी कार्यालये आणि मॉल दिसतील. फिनिक्स गिरणीची चिमणी मॉलच्या मधोमध अजून उभी आहे. पण तुम्ही चिमणी पाहून थांबू नका, विणकाम खात्याचे जुने छप्पर कुठे शिल्लक दिसते का, ते शोधा. ते करवतीच्या दात्यांसारखे असते. एक बाजू तिरकी आणि बंद, दुसरी उभी, काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली, म्हणजे ऊन थेट साच्यावर न पडता दिवसभर सारखा उजेड मिळतो आणि तुटलेला धागा डोळ्यांना दिसतो. कात्रीकाकांनी कठड्याविषयी लिहिले, तसेच इथे करता येईल. एका बाजूने झाकलेली आणि दुसऱ्या बाजूने उघडी अशी चूण घालून उघड्या बाजूला आत फिके कापड लावले, तर हलताना आतून उजेड फुटल्यासारखे दिसेल.

एक गोष्ट घरातली सांगते. वडील गिरणीच्या दुकानातून तुकड्याचे कापड आणत असत. ताक्याच्या टोकाचा तुकडा असला, तर त्यावर गिरणीचा निळसर छापा असायचा आणि तो धुऊन लवकर जात नसे. आई झगा शिवताना कापड असे फिरवायची, की तो छापा खालच्या दुमडीत, आतल्या बाजूला जाईल. पण आम्ही वाढत्या वयाच्या असल्यामुळे दरवर्षी दुमड उसवून झगा लांब करावा लागे, आणि मग शाळेत जाताना तो छापा घेराच्या कडेला अर्धा दिसायचा. तेव्हा मला लाज वाटे. आज तो झगा असता, तर मी तुमच्याकडे पाठवला असता. तुमच्या सहांपैकी एक पोशाख मांजरपाटाचा (साध्या सुती कापडाचा), कोरा, न रंगवलेला करा, ही माझी विनंती आहे.

ओव्हलप्रेमी (सावंतवाडी)

मी कलाशिक्षक आहे. एका जागेची भर घालतो, तीही तुमच्या शिवणीच्या प्रश्नापुरतीच. चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला टोकदार कमानींच्या व्हिक्टोरियन गॉथिक पद्धतीचे उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर; पश्चिमेला आर्ट डेको (विसाव्या शतकातल्या सुटसुटीत, गोलाईदार) पद्धतीच्या रहिवासी इमारतींची रांग. या दोन्ही परंपरांच्या मिळून ९४ इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. टॉवरला पैसा दिला तो कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आणि अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवीमुळे इकडच्या कापसाला जो सोन्याचा भाव आला, त्यातून त्या काळी मुंबईत अपार संपत्ती आली होती. म्हणजे वर संगमेश्वरच्या ताईंनी सांगितलेल्या धाग्याचेच हे दुसरे टोक आहे. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या २४ मूर्ती आहेत. त्या खूप उंचावर आहेत, म्हणून दुर्बीण न्या आणि पागोट्यांची व वस्त्रांची वळणे कागदावर उतरवा.

पण तुमचे खरे काम पश्चिमेला आहे. त्या इमारतींचे छज्जे पाहा. भुवईसारखी एक आडवी पट्टी खिडक्यांवरून निघते आणि कोपऱ्यावर न मोडता गोल वळून दुसऱ्या बाजूला जाते. तुमच्या कुर्त्याचे छप्पर बाजूच्या शिवणीवर मोडले, कारण तिथे शिवण होती. ही बाजूची शिवणच काढून टाका, पुढचा आणि पाठीचा भाग सलग बेता आणि जोड मागे मध्यावर न्या. मग पट्टी कुशीवरून छज्ज्यासारखी अखंड वळेल. वळणाच्या जागी पट्टी उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी, कापावी लागेल, हे कात्रीकाका अधिक नीट सांगतील.

कोरीव गॉथिक कमानींचा मोह मात्र आवरा. त्यांवरून केलेले भरतकाम मी विद्यार्थ्यांकडून इतके पाहिले आहे, की त्यात आता इमारतही दिसत नाही आणि विद्यार्थीही.

सुईदोरा (रत्नागिरी)

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. वसईच्या काकूंचे उत्तर वाचून मी टिपणाचा पहिला परिच्छेद खोडून पुन्हा लिहिला. संगमेश्वरच्या ताईंची झग्याची आठवण मी आईला वाचून दाखवली, तेव्हा तिने कपाटातून माझ्या आजोबांचा गिरणीतला सदरा काढून दिला. त्याची कॉलर उलटून पुन्हा शिवलेली आहे आणि जुन्या टाक्यांची भोके कडेने ओळीत दिसतात. इतकी वर्षे तो सदरा घरात होता आणि मी मुंबईत विषय शोधत होते.

आता दोन दिवस गिरणगाव, एक दिवस खोताची वाडी आणि शेवटच्या दिवशी पहाटे ससून डॉक व मग ओव्हल असे ठरवते आहे. पोशाख सहाऐवजी चारच या वस्त्यांवरून करीन आणि उरलेले दोन आजोबांच्या सदऱ्यावरून, म्हणजे उसवून लांब करता येईल अशी दुमड आणि उलटता येईल अशी कॉलर यांच्यावर बेतेन. एकच शंका उरली आहे. कापड त्याच फेरीत मुंबईहून घेऊन यावे का?

कात्री (अलिबाग)

या फेरीत घेऊ नका. मंगळदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केटमधून जरूर फिरा, रविवार सोडून जा, कारण त्या दिवशी बाजार बंद असतो. कापड बोटांत धरून पाहा, प्रत्येकाचा पन्हा (कापडाची रुंदी) वहीत लिहून घ्या आणि दुकानदाराकडून बोटभर नमुना मागून त्यावर भाव टाचून ठेवा. भुलेश्वरला काठ आणि लेस पाहायच्या असतील, तर सकाळी जा. दुपारनंतर तिथे उभे राहायला जागा मिळत नाही.

घरी आल्यावर आधी सहाही पोशाख मांजरपाटावर कापून, कच्चे टाके घालून कोणाच्या तरी अंगावर चढवा, आणि त्या व्यक्तीला जिना चढायला, खाली बसायला, हात वर करायला सांगा. उरेब पट्टी कापल्यावर लगेच जोडू नका. एक रात्र टांगून ठेवा, म्हणजे ती जेवढी ओघळायची तेवढी ओघळेल, आणि मग खालून सरळ करून लावा. चुण्यांची मापे तेव्हाच पक्की होतील, आणि तोपर्यंत किती वार कापड लागेल, हे मलाही सांगता यायचे नाही. मापे इथे टाका, मी पाहून देईन.