‘ओके’ म्हणजे होकार की पोच?

सेक्रेटरी (बी-४०१), सकाळी ९:१२
सर्व सभासदांना नमस्कार. इमारतीच्या बाहेरच्या रंगकामाचं कोटेशन गुरुवारी ग्रुपवर टाकलं होतं. त्याखाली बहुतेकांचे ‘ओके’ आले, हरकत एकही नाही. त्यामुळे ठेकेदाराला आज आगाऊ रक्कम देतोय. सोमवारपासून परांची बांधायला माणसं येतील, बाल्कनीतल्या कुंड्या आत घ्याव्यात.

ओक काका (ए-३०२)
अहो थांबा! मी ‘ओके’ लिहिलं ते कागद पोचला म्हणून. घरटी अठरा हजार द्यायला मी कधी हो म्हटलं?

सेक्रेटरी
काका, ओकेचा अर्थ मान्य. डिक्शनरीत बघा हवं तर.

ओक काका
डिक्शनरीचं मला नका सांगू, या शब्दाचा जन्मच चेष्टेत झालाय. अमेरिकेत बॉस्टनच्या पेपरवाल्यांना १८३०च्या दशकात एक खूळ लागलं होतं. मुद्दाम अशुद्ध स्पेलिंग करायचं आणि त्याची आद्याक्षरं छापायची. ‘ऑल करेक्ट’चं ‘ओल कोरेक्ट’ (oll korrect) केलं, त्याचं ओ. के. झालं. २३ मार्च १८३९च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ते सापडतं. अ‍ॅलन वॉकर रीड नावाच्या प्राध्यापकांनी १९६३-६४मध्ये जुने पेपर चाळून हे शोधलं. तसंच ‘ऑल राइट’चं (oll wright) ओ. डब्ल्यू. पण होतं. ते कधीच गेलं.

बी-१०४ (वहिनी)
मग हे एकटंच कसं टिकलं?

ओक काका
निवडणुकीमुळे. १८४०ला राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. गाव किंडरहूक, म्हणून टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’. झालं, समर्थकांनी ओके क्लब काढले. विरोधकांनी तीच अक्षरं त्यांच्यावर उलटवली, यांच्या आधीच्या जॅक्सनसाहेबांना शुद्ध लिहिता येत नव्हतं म्हणून ओके, असा टोमणा. व्हॅन ब्युरेन पडले, पण तोवर शब्द घरोघरी पोचला होता.

बी-१०४ (वहिनी)
मी लेकीला सांगत होते, ओक काकांच्या आडनावावरून आला म्हणून 😄

ओक काका
नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, “ओके?” मी म्हटलं, “ओके नाही साहेब, ओक.” आणि ओकण्यावरचे सगळे विनोद शाळेत मुलांनी करून संपवलेत, ते इथे नकोत.

ए-१०१ (ट्रान्सपोर्टवाले)
आमच्याकडे गाडीमागे ‘हॉर्न ओके प्लीज’. ओके मधे का, याच्या जितके ड्रायव्हर तितक्या कथा. कुणी म्हणतं युद्धात ट्रक रॉकेलवर चालायचे, म्हणून ‘ऑन केरोसीन’. कुणी म्हणतं टाटांच्या ओके साबणाची जाहिरात. पुरावा मागितला की चहा मागवतात. २०१५ला राज्याच्या परिवहन खात्यानं ही अक्षरं लिहायला बंदी केली, लोक उगाच हॉर्न मारतात म्हणून. मी पुसायला सांगितलं तर पेंटरनं दोन्ही बाजूंचं पुसलं आणि मधलं ओके ठेवलं. म्हणे, ते काढलं की फाळका बोडका दिसतो.

बी-२०२
आणि आपलं ‘ओक्के’? २०२२ला सांगोल्याच्या आमदारांचा गुवाहाटीहून फोन, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील! मग विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांची घोषणा, ५० खो…

अ‍ॅडमिन
राजकारण नको. नियम वाचा.

बी-२०२
अहो, मी यमकाबद्दल बोलतोय! बरं, राहिलं.

सायली (बी-१०४)
मोठ्या माणसांनो, तुम्हाला ओके लिहिताच येत नाही. नुसतं ‘के’ म्हणजे समोरचा तापलाय. ‘ओके’पुढे टिंब म्हणजे विषय बंद. ‘ओक्केऽऽ’ म्हणजे खुशीत. ‘ओके ओके’ म्हणजे ऐकतच नाहीये. बाबांनी रंगाच्या मेसेजखाली ‘ओके..’ अशी दोन टिंबं दिलीत. मला वाटलं कमिटीशी भांडण झालं.

बी-१०४ (सायलीचे बाबा)
चष्मा नव्हता. टिंबं आपोआप पडली.

बी-३०३
कॉम्प्युटरवरच्या ओके बटणाची गंमत सांगतो. अ‍ॅपलच्या ‘लिसा’ मशीनवर आधी तिथे ‘डू इट’ (Do It) लिहिलं होतं. चाचणीला बसवलेल्या लोकांना दोन शब्दांमधली फट दिसेना, ते वाचायचे ‘डोल्ट’ (Dolt), म्हणजे ठोंब्या. एक जण तर रागावला, मशीन मला ठोंब्या का म्हणतंय? म्हणून ओके आणलं. तेव्हापासून वरचा मजकूर न वाचता आपण ते दाबतोय. सेक्रेटरीसाहेब, गुरुवारी हेच झालं.

सेक्रेटरी
म्हणजे कोटेशन कुणी उघडलंच नाही?

बी-३०३
मी तरी नाही. लग्नाच्या मांडवात होतो.

ओक काका
मराठीत सोय आहे बघा. ‘बरं’ म्हणजे ऐकलं. ‘चालेल’ म्हणजे मनात नाही पण आडवा येणार नाही. ‘बघू’ म्हणजे नाही. ओकेमधून यातलं कुठलं ते कसं ओळखणार?

ए-२०३ (वकील ताई)
शब्दाचं राहू द्या, एवढा खर्च सभेशिवाय करूच नका. उपविधींप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, पूर्ण पाच दिवस आधी नोटीस द्या, ठराव मांडा, सूचक-अनुमोदकांची नावं इतिवृत्तात घ्या. आणि निदान तीन कोटेशनं शेजारी शेजारी ठेवा. पुढे ऑडिटरनं विचारलं तर मोबाइलचा स्क्रीनशॉट दाखवणार का?

सेक्रेटरी
मान्य. आगाऊ रक्कम थांबवली. पुढच्या रविवारी सकाळी १०:३०ला पार्किंगमध्ये सभा. नोटीस आजच फलकावर लावतो. मतदान हात वर करून.

बी-१०४ (वहिनी)
रंगाचाही विषय घ्या. कोटेशनमध्ये ऑफ-व्हाइट लिहिलंय. शेजारच्या सोसायटीचा पहिल्याच पावसात शेवाळून हिरवा झाला.

ओक काका
रंग नंतर. आधी गच्चीच्या कठड्याच्या भेगा भरा. माझ्या हॉलच्या कोपऱ्यात पोपडे निघालेत, पंख्याच्या वाऱ्यानं सोफ्यावर चुना पडतो. सभेआधी ज्याला बघायचं त्यानं येऊन बघा, संध्याकाळी पाचनंतर घरीच असतो.