मदत हवी आहे: मुखडा झाला, अंतरा सुचत नाही (रविवारपर्यंत पाहिजे)

अर्धा_अंतरा:
नमस्कार मंडळी. गाणं लिहितोय. मुखडा झालाय, अंतरा काही केल्या येत नाही. तीन आठवडे झाले, रोज रात्री वही घेऊन बसतो, पण पाऊस, चांदणं, आठवणी यापुढे गाडी हलत नाही. मित्र रोज विचारतो, "झालं का?" तुम्हाला विषय कसे सुचतात? रविवारी द्यायचंय. "वाचन वाढवा" सांगू नका प्लीज.

अनुस्वार:
मुखडा टाका की इथे. चाल आधी झालीय की शब्द आधी?

ओवीवेडी:
जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात ते उगाच नाही. आधी बसायचं, मग सुचतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्यात, 'पारी' या वेबसाइटवर ऐकायला मिळतात. त्यात चांदणं फारसं नाही. सासर, भाऊ, शेत, दुखणारी पाठ. रोज दहा ऐका.

दिल_से_कवी:
ओव्या ऐकून ओव्याच होतील. गाणं आतून यावं लागतं. मी मूड असल्याशिवाय पेन उचलत नाही.

ओवीवेडी:
मूड! 'गीतरामायण' १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, आठवड्याला एक गाणं, एकूण ५६. माडगूळकर मूडची वाट बघत बसले असते तर राम अयोध्येतच राहिला असता.

दिल_से_कवी:
त्यांची तुलना इथे कशाला? आणि त्यांना कथा तयार होती.

वकीलसाहेब:
मित्राला गाणं देण्याआधी लेखी करार करा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकाराचा रॉयल्टीचा वाटा असा सहज लिहून घेता येत नाही. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिचं सभासदत्वही बघून ठेवा.

अर्धा_अंतरा:
वकीलसाहेब, अजून अंतराच नाही, रॉयल्टी कशाची घेऊ 😅
चाल आधी आहे, मित्राने फोनवर "ना ना ना" करून पाठवलीय. मुखडा:

पावसात भिजले मन
तुझ्याविना उदास क्षण

ठेकेदार:
चाल कुठल्या ठेक्यात?

अर्धा_अंतरा:
ते नाही माहीत. "आठचा आहे" म्हणाला होता.

ठेकेदार:
अरे मग हे आधी सांगायचं ना बाबा! आठचा म्हणजे केरवा. दोन आवर्तनं, सोळा मात्रा. तुझी ओळ मोज: पा-व-सा-त सहा, भि-ज-ले चार, मन दोन. बारा. दुसरीही बाराच. ही ओळ सहाच्या दादऱ्यात झुलते. तू केरव्यात कोंबतोयस, म्हणून चार मात्रा उरतात आणि तिथे तू 'हो हो' भरत असशील.

अर्धा_अंतरा:
'रे रे' भरलंय. तुम्हाला कसं कळलं?

ठेकेदार:
चाळीस वर्षं भजनात तबला वाजवतोय. आणखी एक, ओळ 'मन'वर संपवलीस. शेवटचा सूर लांबला की गाणारा काय करणार, 'मन्न्न'? शेवटी आ, ए, ओ असा मोकळा स्वर ठेव.

अनुस्वार:
मात्रा झाल्या, पण विषयाचं काय? दादा, तुम्ही दिवसभर करता काय?

अर्धा_अंतरा:
कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे काय सुचणार. आधार, सातबारा, पुढचा या. काल एक आजी आल्या, नवऱ्याचं आधार कार्ड घेऊन. मयत झालेत. मी एक प्रत काढली, तर म्हणाल्या, "फोटो थोडा मोठा कर रे, चेहरा दिसत नाही." दोनशे टक्क्यांवर केला, नुसते ठिपके आले. तरी घडी घालून पिशवीत ठेवला. दोन रुपये घेतले नाहीत, तर रागावल्या. असंच सगळं, दिवसभर.

अनुस्वार:
आणि तुम्ही पाऊस शोधताय?

ओवीवेडी:
अहो, हीच ओवी आहे.

दिल_से_कवी:
झेरॉक्सवर कोण गाणं ऐकणार? मित्राला प्रेमगीत हवं असेल.

ओवीवेडी:
मग हे काय आहे?

अर्धा_अंतरा:
मित्र "काहीतरी रोमँटिक" म्हणाला होता. चिडेल बहुतेक. आत्ता गिऱ्हाईक नव्हतं, बिलाच्या मागे लिहिलंय:

फोटो थोडा मोठा करा
चेहरा नीट दिसू द्या ना

काका, मोजता का?

ठेकेदार:
पंधरा, पंधरा. शेवटचा 'आ' एक मात्रा ओढ, सोळा झाल्या. सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, 'फो'वर घे. पण हा मुखडा झाला रे, अंतरा नव्हे.

अर्धा_अंतरा:
हो, ते लक्षात आलं. जुना मुखडा काढून टाकतो. अंतऱ्यात ते ठिपके घेतो. आणि दोन रुपये.

दिल_से_कवी:
'उदास क्षण' वाईट नव्हता पण.

वकीलसाहेब:
आजींची संमती घेतली का?

टोनर_संपला:
अवांतर: दोनशे टक्क्यांवर आमच्या मशीनला काळ्या रेघा येतात. ड्रम बदलू की नुसती ब्लेड? कुणी सांगेल का, अर्जंट आहे.