विषय: उत्तर: हॅम्प्टन कोर्टची सहल (थोडं विषयांतर)

मंडळी, नमस्कार.

हेन्री राजाच्या या राजवाड्याला जायचं, तर डबे, पार्किंग, मुलांची तिकिटं सगळं ठरलं. आता गाडीत काय ऐकायचं? माझं मत रिक वेकमनच्या 'द सिक्स वाइव्ह्ज ऑफ हेन्री द एट्थ'ला. वेकमन म्हणजे 'येस' या रॉक बँडचा तेव्हाचा कीबोर्डवाला. जानेवारी १९७३ मध्ये आलेली ही त्याची स्वतःची तबकडी. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, त्याच्या सहा राण्या, सहा तुकडे, आणि जवळजवळ सगळं नुसतं वाद्यांवर: ग्रँड पियानो, हॅमंड ऑर्गन, हार्पसिकॉर्ड, मिनीमूग, मेलोट्रॉन. तरी इंग्लंडच्या खपाच्या यादीत सातव्या नंबरापर्यंत गेली.

कल्पना सुचली दौऱ्यावर असताना, अमेरिकेतल्या विमानतळावर घेतलेल्या एका पुस्तकावरून. मग १९७२ भर, बँडच्या कामातून सवड मिळेल तसं लंडनच्या मॉर्गन आणि ट्रायडंट स्टुडिओत रेकॉर्डिंग. बँडमधलेच स्क्वायर, हाव, ब्रुफर्ड त्यात वाजवून गेले. अ‍ॅरगॉनच्या कॅथरीनचा तुकडा तर मुळात 'येस'च्या 'फ्रॅजाइल' या तबकडीसाठी होता. पण वेकमन एका कंपनीशी बांधलेला, बँड दुसऱ्या कंपनीशी, करारात अडकला. त्या जागी त्याने ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीतला एक भाग कीबोर्डांवर बसवून दिला. वकिलांचे आभारच मानायचे.

२००९ मध्ये, हेन्री गादीवर आल्याला ५०० वर्षं झाली तेव्हा, त्याने हे सगळं हॅम्प्टन कोर्टलाच वाजवलं होतं.

– अभय

*

अभय,

काल स्वयंपाक करता करता ऐकली. वाजवतो झकास, पण इतिहासाचं काय? राण्यांचा क्रम इथली शाळकरी पोरंसुद्धा घोकून सांगतात, आणि याच्याकडे चौथी राणी दुसरी, दुसरी राणी पाचवी! त्यात दुसरी राणी अ‍ॅन बोलिन, तिच्या तुकड्याच्या शेवटी 'द डे दाउ गेव्हेस्ट' ही चर्चमधली प्रार्थना. तिचे शब्द जॉन एलर्टनने लिहिले १८७० मध्ये, आणि अ‍ॅनचं मुंडकं उडवलं १९ मे १५३६ ला. ३३४ वर्षांचा घोळ! ऐतिहासिक नाटकात मावळा सायकलवरून आला तर कसं वाटेल?

– मीरा

*

मीराताई,

दोन्ही गुन्हे कबूल. पण वेष्टनावर त्यानेच लिहून ठेवलंय की शैली इतिहासाला धरून असेलच असं नाही. राण्यांचे स्वभाव त्याला कीबोर्डवर जसे दिसले तसे त्याने मांडलेत. आणि ती प्रार्थना म्हणे त्याला स्वप्नात ऐकू आली, अ‍ॅनच्या वधाच्या वेळी. स्वप्नाला सनावळी कुठून विचारणार?

तुम्हाला सायकलवरचा मावळाच हवा असेल तर कव्हर बघा. मादाम तुसाँच्या संग्रहालयात हेन्रीच्या मेणाच्या पुतळ्यापुढून वेकमन चाललाय, मागचा पडदा नीट ओढलेला नाही, आणि फटीतून चक्क अमेरिकेचा तेव्हाचा अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिसतो!

तिसऱ्या राणीचा, जेन सेमूरचा तुकडा मात्र परत ऐका, हात रिकामे असताना. त्यासाठी तो बार्बिकनजवळच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये गेला आणि तिथला पाइप ऑर्गन वाजवला. स्टुडिओतल्या ऑर्गनला तो घुमारा येत नाही. दगडी भिंतींतून सूर परत येतो तोवर पुढचा निघालेला असतो. जेन बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी गेली, ती हॅम्प्टन कोर्टलाच. आपण तिथे डबे उघडणार आहोत, म्हणून सांगितलं.

– अभय

*

अरे अभय,

मी पेटीवाला माणूस. पाइप ऑर्गन समजला, शेवटी भात्याचाच भाऊबंद. नाट्यसंगीतात आमची पायपेटी होतीच. पण हे मेलोट्रॉन आणि मूग काय प्रकरण आहे?

– काका

*

काका,

मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते. तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गळ्यांचा एकेक सूर भरलेला. पट्टी दाबली की फीत सरकते, सूर वाजतो. जेमतेम आठ सेकंद! मग फीत संपते आणि बोट उचलावंच लागतं.

मिनीमूग विजेवरचा, पण एका वेळी एकच सूर. वेकमन गंमत सांगतो: त्याला पहिला मिनीमूग अर्ध्या किमतीत मिळाला, कारण विकणाऱ्याला वाटलं बिघडलाय, दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच वाजते! मात्र डाव्या हाताला एक चाक असतं. ते फिरवलं की सूर हळूच वर-खाली सरकतो.

– अभय

*

म्हणजे मींड निघते?

पट्टीच्या वाद्यावर? आम्हाला जन्मभर ऐकवलं, पेटीतून मींड निघत नाही, पेटी बेसूर, पेटी परकी. आणि त्या गृहस्थाने बिघडलाय म्हणून विकला!

सहलीला मी तुझ्या गाडीत. पुढची सीट. मीराताईंना मागे बसव, त्या मधेच सनावळी सांगतील.

– काका