१५०० वॅटचा रॉड, तरी बादली तापायला पाऊण तास. दुकानदारानं फसवलं का?

मळ्यातली वहिनी (तासगाव तालुका):
आम्ही वस्तीवर राहतो. गेल्या महिन्यात सांगलीतनं पाणी तापवायचा रॉड आणला. खोक्यावर १५०० वॅट, २३० व्होल्ट छापलंय. २० लिटरची बादली अंघोळीजोगी व्हायला पाऊण तास लागतो. सासूबाई म्हणतात, एवढ्यात चुलीवर दोन बादल्या झाल्या असत्या. दुकानात फोन केला तर तो म्हणतो, "ताई, माल ओरिजनल आहे, तुमच्याकडं व्होल्टेज नसेल." आमच्या भागात कुठल्याही तक्रारीला हेच उत्तर.

पोरगी दहावीला आहे. ती म्हणाली व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध, गुणलं की वॅट, आपणच मोजू. दिरांकडं मोटारीसाठी घेतलेला क्लॅम्प मीटर आहे. पहिल्यांदा शून्यच दाखवलं, कारण अख्खी केबल चिमट्यात धरलेली. मग प्लग काढून एक्स्टेन्शनची वरची साल उकलली आणि आतली एकच वायर धरली. रॉड चालू असताना १८५ व्होल्ट, ५.२ अँपिअर. म्हणजे ९६२ वॅट आणि ३५.६ ओहम. १५०० कुठं अन् ९६२ कुठं! परत करू का?

सोपा उपाय:
२००० वॅटचा घ्या. विषय संपला.

वायरमन मिरजकर:
वहिनी, परत करू नका. दुकानदार खरं बोलतोय, निदान ह्या वेळी तरी.

तुम्ही वॅटवर अडलाय, मी ओहम बघतो. वॅट व्होल्टेजबरोबर खालीवर होतात, ओहम मात्र रॉडचे स्वतःचे. २३० चा वर्ग ५२,९००, त्याला १५०० नं भागा, ३५.३ येतात. तुमचे आले ३५.६. एवढा फरक मीटरमध्येच असतो. रॉड पक्का १५०० चा आहे. व्होल्टेज पडलं की अँपिअरही तेवढेच पडतात, म्हणून वॅटला दुहेरी मार बसतो. १८५ म्हणजे २३० च्या ८० टक्के, पण वॅट उरतात ६५ टक्क्यांच्या आसपास.

(हा हिशोब रॉड, गिझर, इस्त्रीचा. दिरांना सांगा, मोटारीला लावू नका. लोड असलेली मोटार व्होल्टेज पडल्यावर उलट जास्त अँपिअर ओढते. उन्हाळ्यात वाइंडिंग भरणाऱ्यांची दिवाळी त्यावरच होते.)

आता हे बघून सांगा: रॉड बंद असताना बोर्डाला किती व्होल्ट? आणि रॉड चालू ठेवून मीटरपेटीपाशी किती? मधली वायर कसली?

मळ्यातली वहिनी:
बंद असताना बोर्डाला २१५. चालू केल्यावर बोर्डाला १८५, पेटीपाशी २१४. पेटी रस्त्याच्या कडेला आहे, तिथनं घरापर्यंत १५० मीटर अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) अ‍ॅल्युमिनियम वायर, सासऱ्यांनी ओढलेली. मधे लिंबाखाली एक जोड आहे.

वायरमन मिरजकर:
मग चोर लिंबाखाली बसलाय.

२१४ मधनं १८५ गेले, २९ व्होल्ट वाटेतच संपतात. भागिले ५.२, म्हणजे वाटेत ५.६ ओहम. अडीचच्या अ‍ॅल्युमिनियमला किलोमीटरला १२ च्या आसपास ओहम असतात. जाऊन-येऊन ३०० मीटर, म्हणजे ३.६. वरचे २ कुठनं आले? जोडातनं. ५.२ गुणिले ५.२ गुणिले २, झाले ५४ वॅट, एका बोटभर जागेत. माझी सोल्डरिंग गन एवढ्यात कथिल वितळवते. २००० चा रॉड सुचवणाऱ्या भावाला नमस्कार. तो लावला तर त्याच जोडावर ९० वॅट पडतील, आणि खाली वाळका पाला.

पेटीतला मेन खाली ओढा, फ्यूज काढून दिरांच्या खिशात घाला, टेस्टर लावून बघा, मगच टेप सोडा. रॉड लावल्यावर पोरांना बादलीत हात घालू देऊ नका. प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात नाही.

निवृत्त मास्तर, वाई:
गणित बरोबर, पण "ओहम रॉडचे स्वतःचे" हे अर्धंच खरं. मुलीला घरातला जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब द्या आणि होल्डरमधनं काढून मल्टिमीटरनं रोध मोजायला सांगा. चाळीसेक ओहम दिसतील. सूत्रानं काढले तर ५२९. दोन्ही बरोबरच आहेत. टंगस्टनची तार पांढरीफटक तापली की तिचा रोध दहापटीहून वाढतो. रॉडमधल्या नायक्रोमच्या तारेचा फारसा हलत नाही, म्हणून वायरमनसाहेबांचा हिशोब तिथं बसला. वर्गात मी हा बल्ब दरवर्षी फिरवायचो. पोरं आधी मीटरलाच खोटं ठरवायची.

मळ्यातली वहिनी:
जोड सोडला. टेप गुळासारखी ओघळलेली. आत अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीला कुणीतरी तांब्याचा वीतभर तुकडा नुसता पिळून जोडलेला. त्यावर पांढरी पूड, एका बाजूला काळंठिक्कर. सासरे म्हणतात मी नाही केलं.

दिरांनी वायरमन बोलावून तो तुकडा काढला, दोन्ही टोकं घासून स्लीव्ह दाबून घेतली. आता बोर्डाला १९४ व्होल्ट, ५.४५ अँपिअर. पोरीनं गुणून सांगितलं, १०५७ वॅट. बादलीला चाळीसेक मिनिटं. पाच मिनिटं वाचली एवढंच, पण जोडाला हात लावला तर गार आहे.

वायरमन मिरजकर:
उरलेलं वायरीतलं. चारची कॉपर ओढलीत तर बोर्डाला २०६ च्या आसपास मिळतील.

मळ्यातली वहिनी:
द्राक्षाचे पैसे येऊ देत, मग बघू. दुकानदाराला अजून फोन केलेला नाही. सासूबाई चुलीवरच तापवतात.